हस्तक्षेपाचे भय : संमतिवयाच्या कायद्यापासून मढीच्या जातपंचायतीपर्यंत

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ५६१ वे कलम आज विधी महाविद्यालयांतही फारसे कोणी वाचीत नसावे. ती संहिता १९७४ मध्ये रद्द झाली आणि तिच्याबरोबर ते कलमही विस्मृतीत गेले. परंतु मुलांचे संरक्षण करण्याची जबाबदारी असलेले शासन कोणत्या मार्गाने ती टाळते, याचा अभ्यास ज्याला करावयाचा आहे त्याने आरंभ या कलमापासून करावा असे मला वाटते. कलमाचा आशय असा : पतीने पत्नीवर केलेल्या बलात्काराच्या गुन्ह्याची दखल मुख्य इलाखा न्यायाधीश किंवा जिल्हा दंडाधिकारी यांच्यावाचून इतर कोणत्याही दंडाधिकाऱ्याने घेऊ नये, आणि तपासाची आज्ञा झालीच, तर इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने त्या तपासात भाग घेऊ नये. या गुन्ह्यात पतीला वॉरंटाशिवाय अटक करता येत नसे, आणि जामीन हा त्याचा हक्क असे.

पत्नीच्या संमतीचे वय त्या वेळी बारा होते, हे ध्यानात ठेवून हे कलम पुन्हा वाचावे. म्हणजे ज्या गुन्ह्याविषयी ते बोलते तो अकरा वर्षांच्या किंवा त्याहून लहान मुलीवर झालेला गुन्हा आहे. जामखेड तालुक्यातील एखाद्या गावी शेळी चोरीस गेली, तर जवळच्या ठाण्यातील पोलिसांना तपासाचा आणि अटकेचा अधिकार होता. त्याच गावातील अकरा वर्षांच्या विवाहित मुलीला इजा झाली, तर तिच्या वतीने कोणीतरी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरील नगर गाठून कलेक्टरसाहेबांपुढे उभे राहावयाचे होते. हे कोणी राहावे? बाप राहणार नाही, कारण विवाह त्यानेच लावलेला. सासरा राहणार नाही, हे सांगावयास नको. गुन्हा कायद्याच्या पुस्तकात होता. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट इतकी अवघड करून ठेवली होती, की तो पुस्तकातच राहावा.

हे अनवधानाने झाले असे मानण्यास आधार नाही. यामागे भय होते, आणि त्या भयाला इतिहास आहे.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला. प्रजेच्या धर्मश्रद्धेत व उपासनेत अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, असे अभिवचन त्यात होते. सत्तावन्नच्या उठावाची धास्ती ताजी होती. हे वचन औदार्यापेक्षा सावधगिरीचे अपत्य होते. पुढील सत्तर वर्षे ते प्रत्येक सामाजिक कायद्याच्या आड आले. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा ठरविले होते, आणि ती मर्यादा विवाहित मुलीलाही लागू होती. त्या वेळी गवगवा झाला नाही. मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध करून सरकारने काही करावे अशी मागणी केली. सरकारने प्रांतोप्रांतीचे अधिकारी आणि प्रतिष्ठित गृहस्थ यांची मते मागविली, आणि १८८६ मध्ये उत्तर दिले : समाजाचे मत अनुकूल होईपर्यंत कायदा करणे उचित नाही. मलबारी पारशी, हिंदूंच्या घरात डोकावण्याचा त्यांना अधिकार काय, हा प्रश्न वृत्तपत्रांतून विचारला जातच होता. सरकारने तोच प्रश्न स्वतःला विचारला आणि आपणही परकेच आहोत, असे ठरवून मोकळे झाले.

सरकारी सावधगिरीचे खरे स्वरूप मात्र रखमाबाईंच्या खटल्यात अधिक उघडे पडते. अकराव्या वर्षी झालेला विवाह आपल्या संमतीने झालेला नाही, म्हणून पतीकडे नांदावयास जाण्याचे रखमाबाईंनी नाकारले. दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत आले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे जावे अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी, असा निर्णय दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या, हे सर्वश्रुत आहे.

या खटल्यातील ज्या बाबीकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे ती अशी : ज्या उपायासाठी दादाजी न्यायालयात गेला तो हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. नांदावयास न येणाऱ्या पत्नीला कैदेचे भय घालून घरी पाठविण्याची ही तजवीज इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून येथे आणलेली होती. पिन्ही यांनी आपल्या निकालात हाच मुद्दा मांडला होता. म्हणजे ‘एतद्देशीयांच्या रूढीत हात घालावयाचा नाही’ असे म्हणणारे सरकार एका एतद्देशीय मुलीविरुद्ध इंग्रजी चर्चचा कायदा बजावीत होते. अहस्तक्षेप या शब्दाचा अर्थ तपासताना हे उदाहरण नेहमी हाताशी ठेवावे. शासन घरात शिरत नव्हते असे नाही. ते पतीच्या बाजूने शिरत होते, आणि मुलीच्या बाजूने शिरण्याची वेळ आली की उंबरठ्यावर जाहीरनामा वाचून दाखवीत होते.

त्यानंतर १८९० मध्ये कलकत्त्याचे फुलमणी दासीचे प्रकरण झाले. फुलमणी अकरा वर्षांच्या आसपासची होती. पती हरिमोहन मैती तिच्याहून कितीतरी मोठा, प्रौढ पुरुष. पतीच्या संभोगाने झालेल्या जखमेतून रक्तस्राव होऊन ती मेली. न्यायालयात बलात्काराचा आरोप टिकण्यासारखा नव्हता, कारण दहाची मर्यादा तिने ओलांडली होती. जिवास धोका होईल अशा निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याबद्दल हरिमोहनला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज करून आपल्या पाहण्यात आलेल्या अशा बालपत्नींची प्रकरणे वर्णन केली, आणि संमतीचे वय चौदा करावे अशी विनंती केली. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले. १९ मार्च रोजी ते संमत झाले. वय दहाचे बारा झाले. डॉक्टर स्त्रियांनी चौदा मागितले होते, ही गोष्ट त्या वादळात कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही.

वादळाचे केंद्र पुणे होते, आणि त्याची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. टिळकांचा मुख्य आक्षेप असा, की परकी सरकारला आमच्या समाजासाठी असा कायदा करण्याचा नैतिक अधिकार नाही. सुधारकांना वयोमर्यादा वाढवावयाची असेल तर त्यांनी प्रथम आपल्या घरापुरती प्रतिज्ञा करावी. आगरकर ‘सुधारका’तून कायद्याच्या बाजूने लिहीत होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विवाहाचे वय आणि गर्भाधान यांविषयी शास्त्राधार तपासून, नव्या कायद्याने धर्माज्ञेचा भंग होत नाही असे दाखवून दिले. तेलंग आणि रानडे त्याच पक्षाचे. धर्माला धोका आहे की नाही, याविषयी खुद्द धर्माचे जाणकारच दुभंगलेले होते. असे असता ‘हिंदू समाज विरुद्ध आहे’ हे विधान सरकारने कोणाच्या तोंडचे धरले? ज्यांच्या सभा मोठ्या होत्या आणि ज्यांच्या अर्जांवर सह्या अधिक होत्या, त्यांच्या. रखमाबाई हिंदू होत्या. १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रेही लिहिली होती. परंतु समाजाच्या मताची मोजदाद करताना त्या पत्रांचे वजन कोणी केले नाही. फुलमणीला मत विचारण्याची सोयच उरली नव्हती.

येथे टिळकपक्षावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. परक्यांच्या हेतूविषयी त्यांना वाटणारा संशय निराधार नव्हता. १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाच्या वेळी, हिंदी न्यायाधीशापुढे गोऱ्या आरोपीने उभे राहावयाचे या कल्पनेनेच हिंदुस्थानातील इंग्रज खवळून उठले होते. तीच वृत्तपत्रे आता फुलमणीसाठी अश्रू ढाळीत होती. मुलीच्या दुःखाचा उपयोग एका समाजाला हीन ठरविण्यासाठी होत होता. पुढे १९२७ मध्ये कॅथरिन मेयोबाईंच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने हेच केले. हिंदी लोक स्वराज्यास नालायक आहेत हे सिद्ध करण्यासाठी बालपत्नींचा पुरावा म्हणून उपयोग केला. ज्याला वंशद्वेष म्हणतात तो तेथे खरोखरच होता. आमच्या विषयातील खरा पेच हाच आहे. द्वेष्टा खरे बोलत असेल, तर ते खरे नाकारावे काय? १८९१ मध्ये अनेकांनी ते नाकारले. १९२७ नंतर मात्र हिंदी स्त्रियांनी अधिक शहाणपणाचा मार्ग धरला : मेयोबाईंचा निषेध केला आणि कायद्याची मागणीही केली. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अधिवेशनातून जन्मास आलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेने हे कार्य नेटाने चालविले.

सरकारची चाल मात्र बदलली नव्हती. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये संमतिवय समिती नेमली गेली. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्य होत्या. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. संमतिवयाचा कायदा अस्तित्वात आहे हेच लोकांना फारसे ठाऊक नाही, आणि पतीविरुद्ध तक्रार जवळजवळ होतच नाही, असे तिला आढळले. ५६१ व्या कलमाने आपले काम चोख बजावले होते. त्याच वर्षी हरबिलास सारडा यांचे विधेयक संमत होऊन मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा, मुलाचे अठरा ठरले. कायदा संमत झाला सप्टेंबर १९२९ मध्ये आणि अमलात यावयाचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी लग्नांची घाई केली. १९३१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालील विवाहित मुलींची संख्या १९२१ हून ठळकपणे वाढलेली दिसते, ती बरीचशी यामुळे.

सारडा कायद्याचे कलेवर तपासले, तर तेच भय नव्या वेषात दिसते. पोलिसांना दखल घेण्याचा अधिकार नाही. खाजगी व्यक्तीने न्यायालयात तक्रार करावी, तीही विवाहानंतर वर्षाच्या आत. तक्रार खोटी ठरल्यास भरपाई देण्यासाठी तक्रारदाराने आधी शंभर रुपयांपर्यंतचे हमीपत्र लिहून द्यावे. १९३० मध्ये शंभर रुपये म्हणजे काय, हे शेतमजुराच्या घरात विचारावे. एवढे करूनही विवाह वैधच राहणार. स्वातंत्र्यानंतर वयाची मर्यादा वाढत गेली, १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा. परंतु १९७८ च्या दुरुस्तीनेसुद्धा गुन्हा दखलपात्र केला तो तपासापुरता, वॉरंटाशिवाय अटक करण्यापुरता नव्हे. राज्यकर्ते आता परके राहिले नव्हते, जाहीरनामा इतिहासजमा झाला होता, तरी हात आखडलेलाच. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला, तेव्हा कोठे हा गुन्हा पूर्णपणे दखलपात्र व अजामीनपात्र झाला. सारडा कायद्यापासून या टप्प्यापर्यंत यावयास सत्त्याहत्तर वर्षे लागली.

दंडसंहितेची गती याहून मंद. १९४९ मध्ये पत्नीच्या बाबतीत वय पंधरा झाले, ते २०१७ पर्यंत पंधराच राहिले. ‘इंडिपेंडंट थॉट’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी तो अपवाद अठरा वर्षांखालील पत्नीपुरता बाद केला. त्या सुनावणीत केंद्र सरकारने अपवादाचे समर्थन केले होते. बालविवाह ही देशातील सामाजिक वस्तुस्थिती आहे, कोट्यवधी विवाह या मर्यादेत झालेले आहेत, तेव्हा अपवाद काढणे योग्य नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. १८८६ चे उत्तर आणि हे उत्तर यांत एकशे एकतीस वर्षांचे अंतर आहे, हे तारीख झाकून वाचणाऱ्याला सांगता येणार नाही. न्यायालयाने ते मानले नाही, ही समाधानाची गोष्ट.

यावरून असे वाटेल की हे भय वसाहतीच्या वारशाचे, आपल्याच परिस्थितीचे आहे. तसे नाही. इंग्लंडमधील रॉदरहॅम या शहरातील प्रकरण पाहिल्यास त्याच भयाचे उलटे प्रतिबिंब दिसते. प्राध्यापक अलेक्सिस जे यांचा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका शहरात सुमारे चौदाशे मुलांचे लैंगिक शोषण झाले असा त्यात अंदाज आहे. पीडित मुलींनी वर्णन केलेले आरोपी बहुसंख्य आशियाई, विशेषतः पाकिस्तानी वंशाचे होते. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांनी सांगितले, की आपल्यावर वंशद्वेषाचा आरोप येईल या भीतीने आरोपींच्या वंशाचा उल्लेख करणे त्यांना अवघड वाटे. काहींना तर वरिष्ठांनीच तसे बजावले होते. जून २०२५ मध्ये लुईस केसी यांनी राष्ट्रीय पातळीवरील आढावा दिला, त्यात आरोपींपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांच्या वंशाची नोंदच नसल्याचे आढळले. रॉदरहॅममधील एका मुलीच्या जुन्या फायलीत ‘पाकिस्तानी’ हा शब्द पांढऱ्या शाईने पुसून टाकलेला आपण पाहिला, असे केसी यांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितले. अधिकाऱ्याचे भय इतक्या मूर्त स्वरूपात पाहावयास मिळणे दुर्मिळ आहे.

तथापि जे अहवालाचे जे पान वृत्तपत्रांनी सर्वांत कमी वाचले, ते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पाकिस्तानी वंशाच्या समाजाशी बोलताना यंत्रणा निवडून आलेले सदस्य आणि इमाम अशा पारंपरिक पुढाऱ्यांवरच विसंबून राहिली, असा त्यात ठपका आहे. पुढारी पुरुष होते. त्या समाजातील स्त्रियांशी थेट बोलणे झालेच नाही, आणि त्या समाजातल्या ज्या मुलींचे शोषण होत होते त्या तर कोणाच्याच हिशेबात नव्हत्या. म्हणजे येथेही ‘समाज दुखावेल’ या वाक्यातील समाज म्हणजे त्याचे मुखत्यार. दुसरे असे, की गोऱ्या कामगार कुटुंबांतील ज्या मुली बळी पडल्या त्यांच्याकडे पोलीस तिरस्काराने पाहत; त्या वाया गेलेल्या आहेत, आपल्या मर्जीने जातात, अशी त्यांची समजूत होती. वंशद्वेषाचे भय हे एकमेव कारण नव्हते. ज्यांच्यासाठी धोका पत्करावा अशी मुले यंत्रणेच्या लेखी मोलाची नव्हती, म्हणून ते भय इतके प्रबळ ठरले. एखाद्या मोठ्या घरची मुलगी पळवून नेली असती, तर वंशाचा विचार कोणाच्या मनात आला असता काय, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. ५६१ व्या कलमातील अकरा वर्षांची मुलगी आणि रॉदरहॅमची मुलगी या एकाच जातीच्या आहेत.

एवढे ध्यानात घेऊन आपल्या जिल्ह्याकडे, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर व त्यानंतर अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याकडे, वळू. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे मोठी यात्रा भरते. गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रभर विखुरलेल्या भटक्या जमाती या यात्रेला एकत्र येत, आणि त्यांच्या जातपंचायती तेथे भरत. सोयरिकी जमत, तंटे तुटत, दंड बसत, वाळीत टाकलेल्यांना दंड घेऊन परत घेतले जाई. लहान मुलींची लग्ने ठरविणे, आणि मोठी झाल्यावर मुलीने ते नाकारले तर कुटुंबाला दंड करणे, हा या कारभाराचा एक भाग होता. हे सारे चोरून होत नसे. यात्रेच्या बंदोबस्ताला पोलीस असत.

तक्रार घेऊन कोणी ठाण्यात गेलेच, तर ‘हा तुमच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे’ हे उत्तर ठरलेले. त्या उत्तरात सहिष्णुता किती आणि उपेक्षा किती, हे ठरविण्यास एक सोपी कसोटी आहे. भटक्या समाजांपैकी कित्येकांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याने लावलेला डाग गेला नाही. तालुक्यात कोठे घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर पोलिसांची गाडी रात्री जाते. त्या वेळी अंतर्गत प्रश्नाची आठवण होत नाही. तेच ठाणे त्याच पालावरील तेरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची खबर आली की रूढीचा आदर करू लागते. पुरुषाला पकडताना समाज परका नसतो. मुलीला वाचविताना तो एकाएकी परका होतो. आणि या समाजांना पोलिसांचे भय वाटण्यास पुरेसे कारण असल्यामुळे, त्यांची बाजू घेणारे सुशिक्षित लोकही या विषयावर बोलावयास संकोचतात. आधीच बदनाम झालेल्यांची आणखी बदनामी नको, हा त्यांचा विचार सद्भावनेचा आहे. त्या सद्भावनेची किंमत मुलगी देते.

ही कोंडी बाहेरच्यांनी फोडली नाही, किमान एकट्यांनी नाही. नाशिक येथील एका गर्भवती तरुणीच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ हे अभियान हाती घेतले, आणि ज्यांना वाळीत टाकले होते ते लोक उघडपणे बोलू लागले. त्यांत भटक्या समाजांतील तरुण मुली होत्या. काही पंचायती बरखास्त झाल्याच्या घोषणा झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. अशा प्रकारचा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. भांडारकर आणि रखमाबाई यांच्याकडे १८९१ मध्ये जे कान फिरविले गेले नाहीत, ते येथे उशिरा का होईना फिरले : समाजात एकच मत नसते, आणि दंड भरणाऱ्याचे मत दंड घेणाऱ्याच्या मताहून वेगळे असू शकते, हे कायद्याने मान्य केले.

बालविवाह मात्र भटक्यांपुरता आहे असा समज कोणी करून घेऊ नये. तसे मानणे हाही त्या जुन्या डागाचाच एक प्रकार होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. सहा महिने गावाबाहेर राहावयाचे, वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावयाची, हा आईबापांचा प्रश्न खोटा नाही. लग्न लावून दिले की चिंता मिटते आणि एक नवा कोयता तयार होतो. येथे धर्माचा प्रश्न नाही, रूढीचाही फारसा नाही, अर्थकारण आहे. तरीही अधिकाऱ्याच्या तोंडी शब्द येतो तो ‘त्यांच्यात असेच असते’ हाच.

तो अधिकारी कोण, हे पाहणे उद्बोधक आहे. २००६ च्या कायद्याखाली ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक. कलेक्टरपासून निघालेला अधिकार गावापर्यंत आला, हे ५६१ व्या कलमाच्या अगदी उलट झाले आणि ते चांगले झाले. परंतु ग्रामसेवकाला सरपंचाबरोबर रोजचा कारभार करावयाचा असतो. अंगणवाडी सेविका तर त्याच गावची सून. ज्या लग्नाची पत्रिका तिच्या घरी आली आहे, त्या लग्नाविरुद्ध तिने लिहावयाचे. कलेक्टर फार दूर होता म्हणून कायदा चालला नाही; आता अधिकारी फार जवळ आहे म्हणून अडखळतो. १०९८ या क्रमांकाची चाईल्डलाईन येथे उपयोगी पडली, ती नेमकी यामुळे. नगरमध्ये ते काम अनेक वर्षे स्नेहालय ही संस्था करीत असे. खबर बाहेरून, निनावी आली, की ग्रामसेवकाला गावापुढे सांगता येते : मी नाही सांगितले, वरून हुकूम आला. भय नाहीसे करता आले नाही तरी त्याला वळसा घालता येतो, हे प्रशासनशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखे आहे. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी होणाऱ्या सामुदायिक बालविवाहांसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यालाच प्रतिबंधक अधिकारी ठरविले आहे. आणि न्यायालयाचा मनाईहुकूम मोडून लावलेला विवाह चौदाव्या कलमान्वये मुळापासून रद्द ठरतो. आयुधे आहेत.

या विषयावर आपल्या विभागातील कोणा विद्यार्थ्याला काम करावयाचे असेल, तर मतांच्या पाहणीपासून आरंभ करू नये. बालविवाहाविषयी विचारले असता सर्वच जण तो वाईट आहे असे सांगतात. त्याऐवजी एकाच गावातील तीन नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. एक, शाळेचा हजेरीपट : आठवी-नववीतील कोणत्या मुलींची नावे दिवाळीनंतर गेली आणि परत आली नाहीत. दुसरी, ग्रामसेवकाने वर पाठविलेली बालविवाहांची माहिती. तिसरी, उपकेंद्रातील गरोदर मातांची नोंदवही. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याने अठराच्या आतील मुलीच्या गर्भारपणाची खबर देणे बंधनकारक केले आहे, आणि न देणाऱ्याला शिक्षा आहे. त्यामुळे या तिसऱ्या वहीत वयाच्या रकान्यात एकोणीस हा आकडा लिहिण्याचा मोह मुलीच्या सासूला, परिचारिकेला आणि डॉक्टरलाही होतो. मुलगी खबरीच्या भीतीने दवाखान्यात येतच नाही, हे त्याहून वाईट. पहिल्या वहीतील जन्मतारीख आणि तिसऱ्या वहीतील वय यांचा मेळ घालून पाहावा, व मग दुसऱ्या नोंदीतील संख्या वाचावी. पाथर्डी, जामखेड आणि तुलनेसाठी कारखान्यांच्या पट्ट्यातील राहाता किंवा कोपरगाव अशा तालुक्यांतील चार-दोन गावे घेतली, तरी एका वर्षाच्या प्रबंधाला पुरेल एवढे काम त्यात आहे. मुलींची नावे मात्र प्रबंधात येता कामा नयेत.